हाडाविना कुत्रं

जैनाच्या घरात कुत्रं असतं, पण हाड नसतं. बेळगावच्या आसपासच्या आमच्या शेतकरी जैनांच्या मळ्यांत कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सकाळी भाकरी, दुपारी ताकातल्या कण्या, रात्री राखण. ती रानात जाऊन काय खातात, कुठलं हाड चघळत बसतात, याची चौकशी कुणी केली नाही. कुत्रं बांधावर, माणूस ओट्यावर. दोघांचा धर्म आपापल्या जागी.

कुत्रं घराच्या चार भिंतींत आलं की ही सोय संपते. आता ते जे खाईल ते आपण दिलेलं, आपल्या पैशानं आणलेलं. आपल्याकडे पाप तीन वाटांनी येतं असं लहानपणापासून ऐकत आलोय: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला दिलेला होकार. दुकानात जाऊन कुत्र्यासाठी वाळवलेला कान विकत घेणं यातल्या कुठल्या खान्यात बसतं, हे सांगायला पंडित लागत नाही.

टिप्या आमच्याकडे आला तो दोन महिन्यांचा, गावठी, पांढऱ्या पायांचा. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, आणि त्या काळात जगात चावण्याजोगं नाही असं काही उरत नाही. चपला गेल्या, पायपुसणं गेलं. मग सासूबाईंच्या स्वाध्यायाच्या चौरंगाचा एक पाय कुरतडला गेला तेव्हा आतून हाक आली, "काय चावूलंय बघ गे ते!"

डॉक्टर म्हणाले, दात आले तरी चघळणं थांबणार नाही. ती त्याची गरज आहे. जबड्याला काम मिळतं, दातांवरची कीट थोडी निघते, एकटं बसलेलं कुत्रं शांत राहतं. "त्याला टिकणारं काहीतरी द्या. हाड चालत नसेल तर दुसरं बघा."

मग मी दुसरं बघायला निघाले. दुकानातली पांढरी, गाठी मारलेली कांडी म्हणजे कातडं. चामड्याच्या कारखान्यात वरचा थर कमावायला जातो, आतला थर धुऊन, वाळवून, पिळून कुत्र्याचं खाणं होतं. शेजारी खूर, कान, श्वासनलिका. एका लांब तपकिरी काडीबद्दल विचारलं तर दुकानदार पोरगा वरमला आणि म्हणाला, "बैलाचं आहे, मॅडम." बैलाचं काय, ते मी पुढे विचारलं नाही.

मुलाचं म्हणणं होतं, शिंग घेऊ. हरणाचं शिंग दरवर्षी आपोआप गळतं, त्यासाठी कुणी मारत नाही. "मुनिमहाराजांच्या पिच्छीतली मोरपिसं गळलेलीच असतात ना? मग?" मुद्दा बिनतोड वाटत होता. पण आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार बंद आहे, गळलेलं असलं तरीही. कारण गळलेलं कुठलं आणि मारून काढलेलं कुठलं, हे बाजारात पोचल्यावर कोण सांगणार? शिवाय शिंग दातापेक्षा चिवट. वरच्या जबड्यातली मोठी दाढ त्यावर चिरते. डॉक्टरांनी एक सोपी परीक्षा सांगितली: अंगठ्याचं नख दाबून बघायचं. खूण उमटली नाही तर ती वस्तू कुत्र्याच्या दातांना फार कठीण.

निरुपद्रवी म्हणून त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या, गाजर आणि वाळवलेलं रताळं. नेमकी दोन्ही कंदमुळं! आमच्या स्वयंपाकघरात ती शिरत नाहीत. मक्याचं कणीस द्यावं म्हटलं तर डॉक्टरच नको म्हणाले, त्याचा दांडा गिळला तर आतड्यात अडकतो. एक मात्र खरं, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. तेवढ्यापुरतं आमचं घर टिप्याला आयतंच लाभलं.

शेवटी हातात दोन वस्तू उरल्या. एक कॉफीचं लाकूड. कॉफीची झुडपं म्हातारी झाली, छाटली, की त्यांच्या जाड फांद्यांचे तुकडे करून, घासून विकतात. इतर लाकडासारखे त्याचे मोठे अणकुचीदार कपचे निघत नाहीत, चावून चावून ते तंतूतंतूनं झिजतं. वास मात्र काहीच नाही, म्हणून टिप्यानं पहिले दोन दिवस त्याच्याकडे पाठ फिरवली. थोडं तूप चोळल्यावर पटलं.

दुसरी छुर्पी. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे माणसं ती तोंडात धरून तासन्‌तास चघळतात. याक, चौरी किंवा गायीचं दूध फाडायचं, चोथा दाबून पाणी काढायचं, महिनोन्‌महिने वाळवायचं. कुत्र्यांसाठी मिळते त्यात दूध, लिंबाचा रस आणि मीठ, एवढंच. वासराच्या पोटातलं रेनेट नाही, हे मी पाकीट उलटून दोनदा वाचलं.

सासूबाईंनी ती हातात घेऊन वजन पाहिलं. "किती दिवसांचं आहे हे?"

"महिन्यांचं असेल, आत्याबाई."

"मग आपल्याला अभक्ष्य. मर्यादा केव्हाच संपली." थोडं थांबून म्हणाल्या, "पण ताट त्याचं आहे, आपलं नव्हं. स्वयंपाकघरात ठेवू नको, कोठीत ठेव. आणि वासराला दूध राहिलं होतं का, ते कोण सांगणार?"

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तो प्रश्न आमच्या चहालाही लागू आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

नखाच्या परीक्षेत छुर्पीही नापासच होते. म्हणून दुधाचे दात असेपर्यंत टिप्याला ती दिलीच नाही. ओल्या फडक्याला गाठी मारून, फ्रीजमध्ये गार करून तेच दिलं. आता कोमट पाण्यात भिजवून, बाहेरून मऊ झाली की देते. तीही अर्धा तास, नजरेसमोर. तुकडा त्याच्या तोंडात मावण्याइतका लहान झाला की काढून घेते, नाहीतर अख्खा गिळतो आणि घशात अडकतो. उरलेले तुकडे मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवले की फुगून कुरमुऱ्यासारखे होतात. पूर्ण गार करून मग द्यायचे. एक कांडी आमच्याकडे दहा दिवस पुरते.

मला वाटलं होतं, कुत्र्याला शाकाहारी ठेवण्याचा आग्रह सासूबाईंचा असेल. तसं निघालं नाही. "त्याला आपलं व्रत लावू नको," त्या म्हणाल्या. "त्यानं बाहेर काही खाल्लं तर त्याच्या पर्यायाचा तो धर्म. आणून देणाऱ्याचं पाप वेगळं." मग जीवंधराची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्यानं णमोकार म्हटला, आणि ते कुत्रं यक्ष होऊन जन्मलं. "आधी तू काय खाल्लंस, असं विचारलं का जीवंधरानं?"

गेल्या महिन्यात टिप्यानं रस्त्यावरून कोंबडीचं शिजलेलं हाड आणलं आणि तो पायरीवर बसला. शिजलेलं हाड फुटून सुईसारखं होतं, घशात रुततं. ओढून घ्यायला गेलं तर तो गुरगुरला. मी कोठीतून छुर्पी आणून पुढं धरली. त्यानं दोन्हीकडे पाहिलं, हाड टाकलं आणि छुर्पी उचलली. कागदात धरून ते मी बाहेर नेऊन टाकलं. सासूबाईंनी पायरीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "दोन कांड्या जास्तीच्या आणून ठेव."