सहलीचे बसभाडे

परिसर अभ्यास हा विषय आपली मुले प्राथमिक शाळेतच शिकू लागतात. डोंगर, नदी, वनस्पती, प्राणी यांची चित्रे पुस्तकात असतात आणि परीक्षेत त्यांवर गुण मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले, तेव्हापासून पुस्तकांची वाण कधी पडली नाही. परंतु ज्याला परिसर म्हणायचे तो मुलाच्या पायाखाली यावा, ही गोष्ट मात्र आजही आईबापांच्या ऐपतीवर सोडलेली आहे.

मुंबईच्या उपनगरांत हे अधिक खटकते, कारण येथे निसर्ग दूर नाही. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटर पसरलेले असून मुलुंडच्या वस्त्या त्याच्या पूर्वेच्या कडेला टेकल्या आहेत. अंधेरीत गिल्बर्ट हिलचा काळा पाषाण दोनशे फूट सरळ उभा आहे. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात जाते, आणि भोवती दाट वस्ती. गोरेगावच्या चित्रनगरीला लागून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोलीस २०१७ साली सुरू झालेले सागरी जैवविविधता केंद्र लागते. ज्या ठाणे खाडीच्या काठी ते आहे, तिचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याची रामसर यादीत नोंद झाली. इतकी मोठी शाळा दाराशी असताना कित्येक मुले तिची पायरीही चढलेली नसतात.

उलट, निसर्गाशी त्यांची जी ओळख होते ती धास्तीची. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणारी मिठी ही साकीनाक्याच्या मुलाला नाला म्हणूनच ठाऊक असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ती घराघरांत शिरली, ही आठवण त्याला आईकडून मिळालेली. घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्यांना डोंगर म्हटले की जुलै २००० मधील दरड आठवते; साठांहून अधिक माणसे तिने गाडली. अशा मुलाला विहारच्या काठावर उभे करून ‘तुझ्या दारातली नदी ही इथली’ असे दाखवणे म्हणजे चैन नव्हे, असे आमचे ठाम मत आहे. त्याच्या भीतीला कारणे आहेत. ती कारणे त्याला कळायला हवीत.

आता पैशांविषयी. सहलीची वर्गणी गोळा करताना आम्ही अनेक वर्षे एक गोष्ट पाहत आलो आहोत. ज्यांच्या घरी पैसे नसतात ती मुले ‘पैसे नाहीत’ असे कधीच म्हणत नाहीत. कोणाचे पोट दुखते, कोणाला गावी जायचे असते, कोणाला गाडी लागते. सवलतीसाठी अर्ज करा म्हटले की अर्ज येत नाहीत, आणि मग गरजूच नाहीत असा निष्कर्ष काढला जातो! एका मुलीने आम्हांला सांगितले होते की तिला झाडे आवडत नाहीत. पुढे वर्गातील सर्वांचाच खर्च परस्पर भरला गेला, तेव्हा तीच मुलगी सर्वांच्या आधी येऊन बसच्या दाराशी उभी होती. म्हणून आमचे म्हणणे असे की, देणगी मुलाच्या नावाने देऊ नये. संपूर्ण वर्गाच्या नावाने द्यावी. त्यात चार सुखवस्तू मुलांचे भाडे फुकट गेले तरी बिघडत नाही. कोण गरीब, हे विचारावेच लागत नाही, हा लाभ त्याहून मोठा आहे.

पैसा समाजात नाही असे नाही. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात; शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्यात बसतात. पण दात्याला फलक लावता येईल अशी वस्तू हवी असते. वृक्षारोपणाला फलक लागतो, भाड्याच्या बसला लागत नाही. सरकारच्या हरितसेना योजनेतून २००१-०२ नंतर शाळाशाळांत इको-क्लब निघाले. पुढे वाढवलेले त्यांचे अनुदान वर्षाला ५,००० रुपये होते. त्यात रोपे, भित्तिपत्रके आणि घोषणा स्पर्धा उरकल्यावर बसपुरते काय उरणार?

आणि एका सहलीने भागतही नाही. पहिल्या खेपेला मुले फक्त ओरडतात, धावतात, डबा खातात. तो त्यांचा हक्कच आहे. दुसऱ्या खेपेला ती खाली पाहू लागतात. तिसऱ्या खेपेला प्रश्न विचारतात. तेच जंगल जूनमध्ये, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत पाहिले तरच पानगळ आणि पालवी यांचा अर्थ लागतो. दहा शाळांना एकेकदा नेण्यापेक्षा एका वर्गाला तीनदा न्यावे. अहवालात हा आकडा लहान दिसेल, त्याला इलाज नाही. जाणता मार्गदर्शक हवा, त्याचे मानधन हवे, आणि सोबत येणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरीही हिशोबात धरायला हवी. ही शेवटची बाब आमच्या बैठकीत मांडली तेव्हा काही भुवया उंचावल्या होत्या.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची हाक आणि गरिबांची हाक एकत्र ऐकण्यास सांगितले, आणि त्याचे एक संपूर्ण प्रकरण शिक्षण व अध्यात्म यांना दिले. आपल्या धर्मग्रामांत त्यावर प्रवचने झाली, कापडी पिशव्याही वाटल्या गेल्या. उपवासकाळातील दान मात्र बहुधा धान्य, औषधे आणि शालेय शुल्क यांकडे जाते. ते योग्यच आहे. त्यातून काही काढून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पहिल्या कम्युनियनच्या मेजवानीतून एका बसचे भाडे निघू शकते, हे यजमानांना कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे. आणि त्या बसमध्ये बसणारी मुले कोणत्या धर्माची आहेत हे विचारू नये.

सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत असतो. मुंबईत तेव्हा पाऊस ओसरत असतो, कान्हेरीकडचे ओहोळ अजून वाहत असतात आणि रान हिरवेगार असते. पहिल्या खेपेला याहून चांगला मुहूर्त नाही. मात्र उद्यान सोमवारी बंद असते, आणि बसवाल्याला आगाऊ रक्कम ऑगस्टमध्येच द्यावी लागते.