लॅपटॉपची झोप

लिनक्सवर लॅपटॉप झोपतो पण उठत नाही, ही तक्रार किती जुनी आहे ते विचारू नका. लोक लगेच ड्रायव्हरला शिव्या घालतात. मी म्हणतो, आधी स्क्रिप्ट्स बघा!

आमच्या बाबांनी झाकण लावणंच सोडलं होतं. आजोबांची जुनी पत्रं ते टाईप करताहेत. दोनदा झाकण उघडल्यावर काळा पडदा आला, अर्धं पत्र गेलं, तेव्हापासून मशीन रात्रभर सुरू.

शनिवारी बसलो. कर्नलमध्ये पीएम_टेस्ट नावाची झकास सोय आहे. फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर यांपैकी एक पायरी सांगायची. मशीन तेवढंच झोपतं, 5 सेकंद थांबतं आणि परत येतं. पाचही पास. मग पीएम_टेस्ट परत 'नन' करून आरटीसीवेकने 30 सेकंदांची खरी झोप दिली. तीही पास! इथे बरेचजण 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळे होतात. पण या दोन्ही वाटा थेट कर्नलकडे जातात, सिस्टिमडीच्या स्क्रिप्ट्स चालतच नाहीत.

सिस्टिमडी 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरमधल्या एक्झिक्युटेबल फाईल्स झोपेआधी 'प्री' आणि उठल्यावर 'पोस्ट' सांगून चालवतं. तिथे बाबांची एक फाईल होती: उठल्यावर व्हीबीईटूलने ग्राफिक्स कार्ड पुन्हा सुरू करायचं. पीएम-यूटिल्सच्या काळात हे रामबाण औषध होतं. पण 2009 साली 2.6.29 कर्नलमध्ये, आधी इंटेलच्या कार्डांसाठी, मोड सेटिंग कर्नलने स्वतःकडे घेतलं. आता उठवायचं काम त्याचं. उठलेल्याला पुन्हा गदागदा हलवलं तर कोसळणारच की! बाबा मात्र दर नव्या मशीनवर ती फाईल भक्तिभावाने नेत राहिले.

"बाबा, उडवू का ही?"

"नको रे, तिनेच तेव्हा वाचवलं होतं."

मुद्दा बरोबर होता. सीएचमॉडने फक्त एक्झिक्यूट परवानगी काढली. फाईल जागेवर, पण सिस्टिमडी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता आरटीसीवेकला 'नो' मोड देऊन नुसता गजर लावला आणि झोपवलं सिस्टिमसीटीएलने, म्हणजे स्क्रिप्ट्सही चालतात. वीस वेळा झोपलं, वीस वेळा उठलं. मग परवानगी परत दिली. पहिल्याच फेरीत काळा पडदा! ही उलटतपासणी केली नसती तर बाबा 'योगायोग' म्हणाले असते.

परवानगी पुन्हा काढली. झाकण लावायला बाबा अजून कचरतात. आधी सेव्ह, मग पुन्हा एकदा सेव्ह, मग झाकण. हायबरनेट तपासायचं राहिलंय.