चिरंजीवांची पहिली गाडी

गेल्या मे महिन्यात आमच्या चिरंजीवांना अठरावे वर्ष पूर्ण झाले आणि जून उजाडण्यापूर्वीच घरात गाडीचा विषय निघाला. तो त्याने काढला असता तर मी नेहमीप्रमाणे 'पाहू' म्हणून टाळला असता. परंतु तो काढला माझ्या आईने. आठवड्यातून तीन वेळा तिला डायलिसिससाठी महामार्गापलीकडच्या रुग्णालयात जावे लागते. पहाटे साडेपाचला रिक्षा शोधायची, चार तास यंत्राशी जखडून पडायचे आणि गळून गेलेल्या देहाने पुन्हा रिक्षाचे धक्के खात वसईला परतायचे, असा तिचा वर्षभराचा क्रम.

"नातू गाडी शिकतोच आहे. त्यालाच एखादी जुनी गाडी घेऊन दे. नेईल-आणील मला," ती म्हणाली. नातवाचा चेहरा नाताळच्या सकाळसारखा उजळला. मी मात्र गप्प राहिलो. गाडी चालवण्याचा परवाना माझ्यापाशीही होता, पण तीस वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, हे आईला ठाऊक आहे. तिने त्याचा उल्लेख केला नाही. तिने तो कधीच केलेला नाही.

१९९४ सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. वडिलांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. ती घेताना त्यांनी काय पाहिले, तर रंग. दलालाने नव्याने रंगवून, चकचकीत करून ती अंगणात आणून उभी केली आणि आम्ही सगळे तिच्याभोवती फिरलो. पुढे पवित्र मातेची तसबीर लावली, फादरांकडून आशीर्वाद घेतला. जूनच्या पहिल्या पावसात मी धाकट्या बहिणीला शेजारी बसवून महामार्गाने निघालो. पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, चाके जागच्या जागी आवळली गेली आणि गाडी ओल्या रस्त्यावरून साबणाच्या वडीसारखी घसरत गेली. मी स्टिअरिंग फिरवत होतो. गाडी वळत नव्हती. त्या गाडीला पट्टे नव्हतेच. बहिणीचे कपाळ समोरच्या काचेवर आदळले. अकरा टाके पडले. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. आजही ती भांग असा पाडते की केसांची एक बट त्या व्रणावर यावी.

वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हा चिरंजीवांसाठी गाडी निवडायची म्हणजे माझ्या दृष्टीने रंग, आवाज आणि किंमत यांच्या पलीकडचा प्रश्न होता. त्याचे स्वप्न वेगळेच होते. एका मित्राच्या ओळखीने त्याने २०१० सालची एक उंच, काळी, पाठीला चाक लटकवलेली गाडी हेरून ठेवली होती. "पप्पा, केवढी दणकट आहे बघा. समोरचा आदळला तर त्याचंच नुकसान होईल," तो म्हणाला. या वाक्यातला उत्तरार्ध मला पूर्वार्धापेक्षा अधिक खटकला. १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनमधील स्थलांतरितांच्या सेवेसाठी असलेल्या परमधर्मपीठीय परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला होता. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. पहिली आज्ञा सीनाय पर्वतावरचीच, हत्या न करण्याची. पुढे एका आज्ञेत गाडी हे सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये असे बजावले आहे. मी ते चिरंजीवांना वाचायला दिले. त्याने वाचले आणि विचारले, "म्हणजे छोटी गाडी घ्यायची का?" मुले प्रवचनातून नेमका हिशेब काढतात.

दणकटपणाविषयीचा त्याचा समज आपल्यापैकी अनेकांचा आहे. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे. गाडीचा पुढचा भाग आघात पोटात घेऊन चुरडला गेला पाहिजे आणि माणसे बसलेला पिंजरा मात्र अभंग राहिला पाहिजे. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे घाईघाईने वळवताना ती उलटण्याचा धोका अधिक. आणि घाईघाईने वळवणे हा तर नवशिक्याचा स्वभावच. त्याशिवाय २०१० सालच्या त्या गाडीत ना हवेची पिशवी होती, ना एबीएस. एबीएस म्हणजे काय, हे मला १९९४ साली कुणी सांगितले असते! जोराने ब्रेक दाबला तरी ती यंत्रणा चाके आवळू देत नाही, क्षणाक्षणाला पकड सैल-घट्ट करते आणि त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. टेम्पोला वळसा घालून निघून जाता येते.

आपल्या देशात हे सारे उशिरा आले. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. हवेच्या पिशव्या नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर कायदा हलला. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकापुढे हवेची पिशवी, पट्ट्याची आठवण देणारी घंटी व वेगाची सूचना सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सर्व गाड्यांना आघाताची सरकारी कसोटी लागू झाली. शेजारच्या आसनापुढील पिशवी मात्र २०२२ उजाडेपर्यंत सर्व गाड्यांना आली नव्हती. जुनी गाडी घेणाऱ्याने ही सालेच पाठ करावीत. मी ती एका कागदावर लिहून पाकिटात ठेवली आणि ठरवले की, जुलै २०१९ च्या अलीकडचीच गाडी, पिशव्या दोन, आणि तारे चाराच्या खाली नाहीत. घरची सारी बचत मिळून चार लाख रुपये होते.

इथपर्यंत सारे सोपे होते. अवघड भाग त्यानंतर आला.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर बहीण आणि भावोजी घरी आले. गाडीचा विषय त्यांच्या कानी गेला होता. भावोजी म्हणाले, "बाहेर कशाला शोधता? आमची घ्या. सव्वा लाख द्या, तेही सवडीने." त्यांची गाडी २०१३ सालची, लहान, पांढरी. भावोजी तिला लेकरासारखे जपतात. वेळच्या वेळी तेलपाणी, पावसाळ्यापूर्वी खालून गंजरोधक रंग, सर्व पावत्या एका फायलीत. यंत्र म्हणून पाहिले तर त्या गाडीला नाव ठेवायला जागा नव्हती. पण पिशवी एकही नव्हती, एबीएसही नव्हते. आणि या गोष्टी नंतर बसवून घेता येत नाहीत. पिशवी, तिची संवेदके, स्टिअरिंग, पट्टे, गाडीचा सांगाडा हे सारे एकत्र आखलेले असते. जिव्हाळ्याने ठेवलेली निगा ही उणीव भरून काढू शकत नाही.

हे तोंडावर सांगायचे कसे? सख्ख्या नात्यातला माणूस घासातला घास काढून देतो आहे आणि आपण त्याला म्हणायचे, तुमची गाडी माझ्या मुलाच्या लायकीची नाही! मी रंगाचे निमित्त काढले, नोंदणीची पंधरा वर्षे २०२८ साली संपतील असे म्हणालो. भावोजींचा चेहरा उतरला. "आमची जुनी म्हणून नको, असं सरळ सांगा," एवढे बोलून ते चहा अर्धा टाकून उठले. पुढचे तीन आठवडे आमच्या घरांमध्ये फोनही झाला नाही.

त्या तीन आठवड्यांत मी आणि चिरंजीव गाड्या पाहत हिंडलो. आमच्या गॅरेजच्या मेस्त्रींनाही प्रत्येक वेळी सोबत नेले. त्यांची मजुरी ही या साऱ्या व्यवहारातली माझी सर्वांत शहाणपणाची खरेदी. पहिलीच गाडी अशी देखणी होती की मलाही मोह पडला. मेस्त्रींनी तिची किल्ली अर्धी फिरवली आणि काही न बोलता समोरच्या दिव्यांकडे बोट केले. किल्ली फिरवताच हवेच्या पिशवीचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. तो पेटलाच नाही. पेटून राहिला असता तर बिघाड म्हणता आले असते; मुळीच न पेटणारा दिवा म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम मारून टाकलेला असण्याचा संशय. मग त्यांनी बॉनेटच्या बोल्टांवरचा खरवडलेला रंग दाखवला. ती गाडी आदळलेली होती, पिशव्या उघडून गेल्या होत्या आणि वर नुसती झाकणे बसवलेली होती. दलालाने आम्हाला थंड सरबत विचारले.

दुसऱ्या एका गाडीचा पट्टा मेस्त्रींनी शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी गुंडाळलेल्या त्या टोकावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. पूर आलेल्या पाण्यात ती गाडी बुडाली होती. जुलै २०१८ चा पाऊस पाहिलेल्या वसईकराला याहून अधिक सांगायला नको. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हेही मी तेव्हाच शिकलो. चिरंजीव तर सराफासारखा वाकून टायर वाचू लागला. काळ्या उंच गाडीचे नाव तो हळूहळू घेईनासा झाला. त्याला मी काही समजावले म्हणून नव्हे. त्या झाकणांखालची पोकळी त्याने स्वतः बोटाने चाचपली होती.

अखेर २०२० सालची एक टियागो मिळाली. मालक एकच, शिक्षकी पेशातले. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचांपैकी चार तारे मिळाले होते. इंजिन बेताचे. दिवा पेटला आणि विझला. चॅसिसचा क्रमांक नोंदणीपुस्तिकेशी जुळला, बँकेचा बोजा उतरलेला होता. मला रंग आवडला नाही. तो शेवाळलेल्या विहिरीसारखा आहे.

बयाणा देण्याच्या आदल्या संध्याकाळी बहीण एकटीच आली. आईपाशी बसली. मग ओट्यावर येऊन मला म्हणाली, "दादा, खरं कारण काय ते मला सांग." मी सांगितले. तिने विचारले, "आमच्या गाडीत पट्टे आहेत ना?"

"आहेत."

"आणि त्या पिशव्या?"

"नाहीत."

ती बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिली. "मग नको. आणि मग आम्ही तरी मुलींना घेऊन तिच्यातून का फिरायचं?" तिने कपाळावरची बट सारखी केली. त्या संध्याकाळी १९९४ सालाविषयी आम्ही दोघे प्रथमच बोललो. काय बोललो ते आमच्यापाशीच असू द्यावे.

भावोजींनी पुढे दोन महिन्यांनी ती गाडी विकली. मला समाधान वाटायला हवे होते. पण एक प्रश्न मनातून जात नाही. ती कुणी घेतली? स्वस्त, स्वच्छ, उत्तम राखलेली, पहिली गाडी म्हणून अगदी बापाच्या खिशाला परवडणारी. कुठल्या तरी अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती ती आज असेल. रस्त्यावर पांढरी लहान गाडी दिसली की मी आधी चालकाचे वय पाहतो.

कागदपत्रांची कथा लांबवत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नोंदणी नावावर करून घ्यावी, विमाही चौदा दिवसांच्या आत बदलण्यासाठी अर्ज करावा, आणि विकणाऱ्याचा 'नो क्लेम बोनस' आपल्याला मिळत नसतो हे ध्यानात ठेवावे. हे काम 'आपलीच माणसे आहेत' म्हणून पुढे ढकलू नये.

गाडीच्या आशीर्वादासाठी चर्चच्या पटांगणात गेलो तेव्हा फादरांनी रोमच्या संत फ्रान्सिस्काची आठवण काढली. तिच्या वाटेवर देवदूत प्रकाश धरी अशी आख्यायिका आहे, म्हणून पोप पायस अकरावे यांनी १९२५ साली तिला मोटारचालकांची आश्रयदाती ठरवले. तीर्थ शिंपडून झाल्यावर आईने आपली जपमाळ आरशाला अडकवायला दिली. चिरंजीवाने ती घेतली, मुका घेतला आणि परत आजीच्या हातात ठेवली. "इथे लोंबली तर मला डावीकडचं दिसणार नाही. तू मागे बसून म्हण." मला वाटले, आई दुखावेल. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं."

मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा, हा आमच्या घरचा पहिला नियम. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. गाडी उत्तम होती, पुढचे दोघे वाचले, मागच्या आसनावरचे दोघेही दगावले. त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे तपासात पुढे आले. दुसरा नियम, पहिले सहा महिने रात्री मित्रांना घेऊन जायचे नाही. यावर चिरंजीवाची कुरकुर अजून चालू आहे.

पहिल्या मंगळवारी पहाटे आम्ही तिघे निघालो. आई मागे, अंगाभोवती शाल, तिच्यावरून पट्टा, हातात जपमाळ. मी पुढे, मुलाच्या शेजारी. माझे तळवे घामेजले होते. गल्लीतून बाहेर पडताच गाडी टिंग-टिंग वाजू लागली.

"काय रे बिघडलं?" आईने विचारले.

"काही नाही, आजी. पट्टा."

"माझा तर लावलाय मी."

"तुझा नाही," चिरंजीवाने गाडी कडेला घेतली, थांबवली आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "पप्पांचा."