सावकाश होऊ द्या

लेकीचं लग्न बेंगळुरूत झालं. जावई कन्नड, त्यामुळे इथल्या रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळी रिसेप्शन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त. मानपानात काही राहू नये म्हणून मी महिनाभर याद्या करत होते. कोणाला घरी जाऊन अक्षत द्यायची, कानपिळीचा मान कोणाला, विहीणबाईंची ओटी कधी भरायची. त्यांच्या पत्रिकेवर 'आशीर्वादवे उडुगोरे' होतं, म्हणजे आशीर्वाद हाच आहेर. आम्हीही तेच मराठीत छापलं. एक प्रश्न मिटला.

जेवणघराचा विचार मात्र केलाच नाही.

माझे थोरले भाऊ, दादा, रात्रभर बसचा प्रवास करून सांगलीहून आले होते. वय 74, दातांची कवळी, जेवण सावकाश. रिसेप्शनच्या पंगतीत केळीच्या पानावर कोसंबरी, पल्या, तूप सोडलेली होळिगे. दादा सारू-भातापर्यंत आले असतील नसतील, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कोणीतरी उभं राहिलं. इथल्या लग्नांना जाणाऱ्यांना हे नवं नाही, पुढच्या पंगतीची जागा अशीच धरतात. दादांनी पान मिटलं आणि ताकभात न घेताच उठले. "झालं गं पोटभर," म्हणाले. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पानावरून उठू नये, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

मी तणतणत आत गेले. तो माणूस निघाला आमच्याच इमारतीतला शेजारी. बुधवारच्या संध्याकाळी व्हाइटफिल्डहून जयनगरला दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून आलेला, मग स्टेजच्या रांगेत उभा राहिलेला, कडेवर झोपलेली मुलगी. त्याला काय बोलणार? 26 वर्षं मीसुद्धा अशीच खुर्च्यांमागे उभी राहिले आहे. पर्स ठेवून जागाही धरली आहे. माझ्यामुळे कोणाचे दादा अर्धपोटी उठले असतील, कोण जाणे.

(2020 मध्ये लग्नाला 50 माणसांचीच परवानगी होती, तेव्हा भाच्याच्या लग्नात आम्ही सगळे एकाच पंगतीत तासभर जेवलो होतो. कसले दिवस, पण जेवण आठवतं.)

रात्री विहीणबाईंना सांगितलं. त्या फार बोलल्या नाहीत. सकाळी मुहूर्त लागला, अक्षता पडल्या, आणि जेवणघराच्या दाराशी त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या. पहिली पंगत उठेपर्यंत दार बंद. आधी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि ज्यांना खरोखर लवकर निघायचंय ते. दोन्ही घरची मंडळी शेवटी. तुम्हाला कुठे घाई असेल ना, तर यजमानांच्या कानावर घाला आणि आधी जेवून घ्या, स्टेजवर मागाहून जा. कोणी वाईट मानत नाही.

बाहेर कुरकुर झाली. दोघं-तिघं न जेवता गेले. तांबूलाची पिशवी दिली हातात, तरी ती चुटपुट आहेच मला.

आत त्या एका ओळीतून "निधानवागी ऊटा माडी" म्हणत फिरत होत्या, दुसऱ्या ओळीतून मी "सावकाश होऊ द्या" म्हणत. दादांनी मान वर न करता वाढप्याला थांबवलं आणि आणखी एक होळिगे मागून घेतली.