शेवटचं विमान कोणतं?

ऑक्टोबरात मुंबईच्या टॉवरमध्ये संध्याकाळची ड्युटी असली की मी समुद्राकडे कमी आणि घाटकोपरच्या बाजूला जास्त बघायचे. मुंबईचा वारा एरवी पश्चिमेचा. त्यामुळे वर्षातला बहुतेक काळ विमानं वाऱ्याला तोंड देत घाटकोपर-कुर्ल्यावरून येऊन उतरतात आणि समुद्राच्या दिशेनं उडतात. ही झाली २७ क्रमांकाची धावपट्टी. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. तीच पट्टी उलट दिशेनं वापरली की तिचं नाव ०९. दुसरी, १४-३२ ची पट्टी आहे, पण ती हिला छेदून जाते, म्हणून दोन पट्ट्या असूनही काम दुप्पट होत नाही. परतीच्या पावसाचे ढग मात्र बहुधा पूर्वेकडून येतात, आणि पावसाच्या आधी त्यांचा वारा येऊन पोचतो.

अशाच एका संध्याकाळी कुर्ल्याकडच्या टोकाचा वाऱ्याचा आकडा फिरला: ०८० अंश, ९ नॉट. विलेपार्ल्याकडच्या टोकाला अजून २६०, ६ नॉट. एकाच पट्टीच्या दोन टोकांना एकमेकांविरुद्धचे वारे! बऱ्याच प्रवासी विमानांना उतरताना मागून येणारा वारा १० नॉटपर्यंतच चालतो, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर. पट्टी ओली असेल तर पायलट त्याच्या आधीच नको म्हणतात.

तरी आमचे पाळीप्रमुख म्हणाले, "थांबा जरा." बाहेरच्याला हा ढिलेपणा वाटेल, पण ढगाचा वारा कधी कधी वीस मिनिटांत विरतो, आणि दिशा बदलायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. घाई केली तर सगळं उलटं फिरवून होईपर्यंत वारा पुन्हा पश्चिमेचा! त्यांनी हवामानवाल्यांना फोन लावला. मागे आणखी ढग आहेत, असं उत्तर आलं. तेवढ्यात उतरायला आलेल्या एका पायलटनं वारा फार आहे म्हणून विमान वर उचललं. सरांनी उतरणाऱ्यांची रांग लावणाऱ्या अॅप्रोचची हॉटलाइन उचलली, "झीरो-नाईन करू या. लास्ट टू-सेव्हन कोण?"

सगळा बदल या एका प्रश्नावर उभा असतो. २७ वर उतरणारं विमान पूर्वेकडून येतं आणि ०९ वरून उडणारं पूर्वेकडेच जातं, म्हणजे सरळ एकमेकांच्या तोंडावर. पश्चिमेलाही तेच: २७ वरून नुकतंच उडालेलं आणि ०९ ला उतरायला येणारं समोरासमोर. म्हणून शेवटचं विमान कोणतं, हे टॉवर, ग्राउंड (जमिनीवरची विमानं), अॅप्रोच आणि एरिया (दूरवरची विमानं), चौघांच्याही तोंडी एकच हवं. एकाच्या मनात दुसरंच विमान असेल तर पुढचं बोलायला नको.

रांगेतल्या एका पायलटला त्याच्या विमानाच्या नियमानुसार १५ नॉटपर्यंत चालत होतं. तो म्हणाला, उतरतो. तो शेवटचा ठरला. त्याच्या मागच्यांना अॅप्रोचनं फिरवून समुद्राच्या बाजूला न्यायला घेतलं. पण तोही ऐन वेळी वर उचलून पश्चिमेला निघाला तर? म्हणून त्याची चाकं टेकेपर्यंत पश्चिमेचं आकाश मोकळं ठेवायचं होतं. एरवी विमानामागे विमान लावणारे आम्ही तेव्हा मुद्दाम मोठी पोकळी ठेवतो.

माझ्याकडे ग्राउंड होतं. २७ च्या तोंडाशी उड्डाणासाठी सात विमानं उभी होती. त्यांना जवळपास साडेतीन किलोमीटर लांब, दुसऱ्या टोकाला न्यायचं. शेवटचं विमान उतरून बाहेर पडलं, तशी पट्टी रिकामी झाली, म्हणून टॉवरनं पुढची तीन तिच्यावरूनच चालवत नेली. बाकीची मी टॅक्सीवेवरून वळवली, आणि त्यात सर्वांत मागचं सर्वांत पुढे आलं. चार नंबरवर उभ्या असलेल्या कॅप्टनचा आता शेवटचा नंबर! त्याचा आवाज मला अजून आठवतो. शब्द सभ्य होते एवढंच.

प्रत्येकाला उड्डाणाचा नवा मार्ग वाचून दाखवायचा, त्यानं तो परत म्हणून दाखवायचा. पायलटांनाही कॉम्प्युटरमध्ये पट्टी बदलून वजन-वेगाचे हिशेब नव्यानं करावे लागतात. इकडे फोन चालूच असतात: धावपट्टीचे दिवे त्या टोकाचे लावा, फायर स्टेशनला सांगा, जुहूच्या विमानतळाला सांगा, कारण ०९ ला येणारी विमानं त्यांच्या डोक्यावरून उतरतात. रेडिओवर रेकॉर्ड केलेली हवामानाची माहिती बदलून तिला पुढचं अक्षर दिलं जातं. नव्यानं बोलणारा पायलट कुठलं अक्षर सांगतो याकडे मी कान ठेवून होते. जुनं सांगितलं की समजायचं, हा अजून २७ मध्येच आहे.

रेडिओपेक्षा जास्त बोलणं अशा वेळी आमचं आपापसात होतं, आणि ते प्रवाशांनाच काय, पायलटांनाही ऐकू येत नाही. त्यांना दिसतो फक्त उशीर. माझ्या मते या कामात वेगाची शाबासकी देऊच नये.

०९ वरून पहिलं विमान उडालं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. तासाभरानं वारा पश्चिमेला परतला आणि आम्ही पुन्हा २७ घेतली, सगळे फोन पुन्हा केले.

तेव्हा तुमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन माघारी वळलं, तर घरी कळवून टाका की अर्धा-पाऊण तास उशीर होईल. आणि केबिनमधल्या मुलींवर चिडू नका; त्यांनाही तुमच्याइतकंच कळलेलं असतं.