आपलीच की गल्लीची?

नाशिकच्या इंदिरानगरला ऐंशी-नव्वदच्या दशकांत राहायला आलेली बहुतेक घरं एकाच साच्यातली. वडील सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यात पाळीवर, आई घर सांभाळून शिवणकाम किंवा शिकवण्या करणारी, आणि वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या पलीकडे नुसती शेतं. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र नाशिकच्याच अंगणात. तरी दिवेलागणीला आमच्या बल्बचा उजेड पिवळा पडायचा. वस्ती भराभर वाढत होती, प्रत्येक नव्या घराचा भार त्याच डीपीवर पडायचा, आणि लाइनच्या टोकाला असलेल्या घरापर्यंत पोचेतो २३० व्होल्टमधले बरेच वाटेतच संपायचे.

लाइट कमी-जास्त व्हायला लागली की आमच्या आयांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘आपलीच की गल्लीची?’ कुणीतरी पोर गॅलरीत पळायचं, समोरच्या घराची खिडकी बघून ओरडून सांगायचं. विजेचं शिक्षण न झालेल्या त्या बायकांनी निदानाची निम्मी वाट या एका प्रश्नात चालून टाकलेली असायची. गल्लीची असेल तर देवासमोरची समई आणि वाट बघणं. आपलीच असेल तर पुढचा प्रश्न : सगळ्या घराची की एकाच खोलीची?

एकाच दिव्याची असेल तर ते पोरांचं काम. त्या काळची चार फुटी, ४० वॅटची ट्यूब आम्हाला तोंडपाठ होती. टोकं काळी पडली की ट्यूब संपली. दोन्ही टोकं लाल राहतात पण मध्ये उजेड येत नाही, तर स्टार्टर चिकटला. चोक घुमायला लागला की त्याच्याकडे बघायचं. नुसतीच फडफडत असेल तर स्टार्टर पाव वळसा फिरवून बघायचा. तरीही फडफड राहिली तर बहुधा स्टार्टर बिचारा निर्दोष, व्होल्टेजच कमी. म्हणून तर खोलीत ट्यूबबरोबर एक बल्ब असायचाच. ट्यूब पेटायला नाही म्हणाली तरी बल्ब मिणमिणत का होईना, साथ द्यायचा, आणि त्या उजेडात आमच्यातल्या कितीजणांनी दहावीचा अभ्यास केला आहे.

पाण्याची मोटर चालू करताना दिवे क्षणभर खाली जायचे, त्याची चिंता कुणी करत नसे. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. पण मोटर नीट फिरायला लागल्यावरही दिवे वर आले नाहीत, तर वडील हातातला पेपर खाली ठेवत.

मग निघायचा खरा विषय : लूज कनेक्शन. त्या वेळच्या अनेक घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी होत्या. हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबला की हळूहळू सरकतो, तापून-गार होऊन सैल पडतो, वर ऑक्साइडचा थर धरतो. सैल जोडातून करंट गेला की ठिणगी, ठिणगीने कार्बन, कार्बनने आणखी उष्णता. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचंही तसंच. सुटीच्या दिवशी वडील मेन स्विच पाडायचे, फ्यूज काढून त्याची पितळी पानं पॉलिश पेपरने घासायचे, बोर्ड उघडून एकेक स्क्रू आवळायचे. बॅटरी धरायला आम्ही. ‘मेन पाडलाय ना? टेस्टर लावून बघ,’ हे त्यांचं वाक्य आज आमच्या तोंडी येतं.

सगळ्यात मोठा धडा वळवाच्या एका पावसाने दिला. वारं सुटलं आणि गल्लीतल्या काही घरांचे बल्ब डोळे दिपतील असे पांढरेफटक झाले, काहींचे निखाऱ्याएवढे उरले. शेजारचे काका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ते भिजत रस्त्यावर आले आणि ओरडत सुटले, ‘मेन पाडा सगळ्यांनी, न्यूट्रल गेलीय!’ फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत अडकतात आणि ज्या बाजूला भार कमी त्या बाजूला व्होल्टेज चढतं. ज्यांनी ऐकलं त्यांचे टीव्ही, फ्रिज वाचले. दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हा पोरांना ओट्यावर बसवून हे सगळं पाटीवर काढून दाखवलं. न्यूट्रल तुटलेली असताना टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, म्हणून टेस्टर पेटला म्हणजे पुरवठा ठीक आहे असं समजायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. आमच्या पिढीला शाळेबाहेर मिळालेलं इतकं उपयोगी शिक्षण मला दुसरं आठवत नाही.

आता तांब्याच्या वायरी, एमसीबी, फॉल्स सीलिंगमधले एलईडी. दिवा लुकलुकला की मुलं दिवाच बदलतात, पुन्हा बदलतात. बंद केलेला एलईडी अंधुक चमकत असेल तर बहुधा स्विचमधल्या इंडिकेटरचा झिरपता करंट. त्यात घाबरण्यासारखं सहसा नसतं. पण दोन-तीन खोल्यांतले दिवे एकदम थरथरत असतील, बोर्डातून चटचट ऐकू येत असेल, स्विचची प्लेट कोमट लागत असेल किंवा मासळीसारखा जळका वास येत असेल, तर तो सैल जोड आहे आणि त्याने घर पेटू शकतं. तेव्हा दिवा बदलत बसू नका. मेन पाडा, परवानाधारक वायरमनला बोलवा. काही दिवे प्रखर आणि काही मंद झाले तर आधी मेन पाडा, कारण नंतर शोधा. आणि गॅलरीत जाऊन समोरची खिडकी बघा. बिघाड गल्लीचा असेल तर वीज-तक्रारीच्या १९१२ या नंबरवर फोन करा आणि शेजाऱ्यांनाही हाक मारा.