आजीची डीव्हीडी आणि हरवलेले दोन सेकंद

दसरा झाला की आमच्या घरी दिवाळीची सफाई निघते. यंदा लोखंडी कपाटाचा वरचा खण माझ्या वाट्याला आला. जुन्या पंचांगांमागे एक गोल प्लास्टिकचा डबा सापडला. त्यात तेवीस डीव्हीडी होत्या. मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं. आणि सगळ्यात खाली, मार्करने लिहिलेली एक: 'आजी - सहस्रचंद्रदर्शन, २००६'.

आजी २०१२ मध्ये गेली. तिचा आवाज असलेली घरात ही एवढीच वस्तू. समारंभ संपल्यावर व्हिडिओवाल्याने तिला खुर्चीत बसवून लहानपणाबद्दल बोलतं केलं होतं. त्याच्याकडची मूळ टेप केव्हाच पुसली गेली होती.

आता घरात डीव्हीडी प्लेअर नाही, लॅपटॉपलाही ड्राइव्ह नाही. यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मागवला, डिस्क घातली आणि नेहमीसारखं कॉपी-पेस्ट केलं. डीव्हीडीवर चित्रपट एका फाइलीत नसतो, साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत असतो. पहिले दोन तुकडे आले. तिसऱ्यावर ड्राइव्ह घरघरला आणि कॉपी थांबली. आजी बोलते ती नेमकी तिथेच.

घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी कायमची असते, असं आपण धरून चाललो होतो. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेझर त्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. बडोद्याचा मे महिना आणि लोखंडी कपाटाचा वरचा खण! वीस वर्षं ती भाजतच होती म्हणायची.

इंजिनिअरिंगला असलेला माझा मुलगा म्हणाला, "बाबा, फाइली कशाला उचलताय? पूर्ण डिस्कची इमेज घ्या." त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आहे. त्याने काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडलं आणि मला शेजारी बसवलं.

इमेज म्हणजे डिस्कवरचा प्रत्येक कण जसाच्या तसा एका फाइलीत उतरवणं. मेनू, प्रकरणं, सगळं येतं. फाइलीचं शेपूट 'आयएसओ'. नंतर ती व्हीएलसीमध्ये थेट उघडते, डिस्क लागतच नाही. डीव्हीडीवर माहिती २०४८ बाइटच्या कप्प्यांत, सेक्टरमध्ये, असते आणि एका साध्या डिस्कवर असे सुमारे तेवीस लाख कप्पे मावतात.

चांगल्या डिस्कसाठी 'डीडी' ही जुनी आज्ञा पुरते. तिला फक्त सांगायचं की कुठून वाच आणि कुठे लिही. वाचायचं ते ड्राइव्हमधून (त्याचं नाव बहुधा 'एसआर०'), लिहायचं ते नव्या आयएसओ फाइलीत. 'कुठे लिही' मध्ये चुकून हार्डडिस्कचं नाव घातलंत तर ती विचारणार नाही, सरळ पुसून टाकेल. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ओळ दोनदा वाचायची. आमच्या तेवीसपैकी एकोणीस डिस्क अशाच उतरल्या.

पण वाचता न येणारा कप्पा आला की डीडी तिथेच थांबते. आजीच्या डिस्कला 'डीडीरेस्क्यू' लागलं. उबुंटूत बसवताना पॅकेजचं नाव मात्र 'जीडीडीरेस्क्यू' असं आहे. हे शहाण्या माणसासारखं काम करतं. आधी सोपं ते सगळं उचलतं, अडलेलं ओलांडून पुढे जातं आणि मग मागे वळून अडलेल्या जागा बारीक तुकड्यांत परत वाचतं. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका 'मॅप' फाइलीत ठेवतं. त्यामुळे मध्येच बंद केलं तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. आम्ही कप्प्याचा आकार २०४८ दिला, तीनदा पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं आणि झोपलो.

सकाळी चौदा एमबी बाकी होते. मुलाने शेजारच्या काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तीच डिस्क, तीच अर्धी इमेज आणि तीच मॅप फाइल घेऊन पुन्हा चालवलं. एका ड्राइव्हला न दिसणारं दुसऱ्याला कधीकधी दिसतं. संध्याकाळी बाकी उरले ६४० कप्पे, म्हणजे सव्वा एमबीच्या आसपास. दोन तासांच्या डीव्हीडीत ते दोनेक सेकंद होतात.

आम्ही सगळे पाहायला बसलो. आजी आली. नऊवारी, चष्मा, हातात रुमाल. म्हणाली, सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, म्हणून माझी आई शाळेत बसली, नाहीतर आमच्या घरात बाईमाणसाला अक्षर कोण दाखवणार? मग म्हणाली, "आई शाळेत गेली ती..." आणि चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला. परत आली तेव्हा हसत होती.

कुठे गेली शाळेत? कोणालाच ठाऊक नव्हतं. मी आत्याला फोन लावला. आजीची थोरली लेक, वय अठ्ठ्याहत्तर. ती म्हणाली, "अरे, डभोईला! आजोळ होतं ना तिचं तिथे. तुला एवढंही माहीत नाही?"

नव्हतं माहीत. मुलाने इमेजशेजारी एक साधी टेक्स्ट फाइल केली आणि त्यात लिहिलं: किती मिनिटांवर, कोणता शब्द गेला, कोणी सांगितला. मग आत्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन समारंभातल्या माणसांची नावं विचारली. छत्तीस चेहरे, एकतीस नावं मिळाली.

आता प्रत्येक इमेजचा 'शा-२५६' ठसा काढून ठेवला आहे. फाइलीत एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा बदलतो, त्यामुळे प्रत खरी आहे का ते कळतं. एक प्रत आमच्या घरी, एक अमेरिकेत दादाकडे. मूळ डिस्कही टाकली नाही, फक्त कपाटाच्या थंड, खालच्या खणात हलवली.

हे सगळं घरच्या डिस्कपुरतं. विकत घेतलेल्या नाटक-सिनेमांच्या डीव्हीडीला बहुधा कुलूप असतं आणि हक्कही दुसऱ्याचे असतात.

तुमच्याही कपाटात असा डबा असेल. या दिवाळीत काढा. डीडीरेस्क्यूला रात्रभर चालू द्या, ते वाट पाहील. आत्याला फोन मात्र आधी करा.